सुटका करणाऱ्या चौबळ मॅडम

डॉ. हेमलता चौबळ ओमानातल्या निझव्याला कॉलेजात शिकवायला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात पेट्या भरून पुस्तकं, एक कुकर आणि एक टोपी होती. टोपी गवती, रुंद काठाची, हनुवटीखाली निळ्या फितीनं बांधायची. आमच्या इमारतीच्या दारापासून माझ्या गाडीपर्यंत जायला एक मिनिटही लागत नसे, पण तेवढ्यासाठी मॅडम टोपी चढवत, फीत बांधत, गाडीत बसल्यावर सोडत आणि कॉलेजच्या पोर्चमध्ये उतरताना पुन्हा बांधत. इरकल साडीवर ती टोपी कशी दिसते हे त्यांना कोणीच सांगितलं नाही. मीही नाही, कारण मला ते रोज बघायला आवडायचं.

मी त्याच कॉलेजात पायाभूत वर्गांना गणित शिकवत होते आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होते. ओमानात गाडीचं लायसन काढणं म्हणजे दिव्यच, ते मी तीनदा नापास होऊन मिळवलं होतं. मॅडमशी माझी ओळख झाली ती या लायसनमुळे, आणि टिकलीही त्याचमुळे. माझ्या जुन्या गाडीला त्या 'आपला वॅगन' म्हणायच्या. आपला म्हणजे चालवायला माझा आणि बसायला त्यांचा.

वॅगन म्हणायचं कारण त्यांची पीएच.डी. अमेरिकेत गोरी माणसं पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेली, आधीपासून राहणाऱ्यांच्या जमिनी घेत गेली, त्या सरकत्या हद्दीला फ्रंटिअर म्हणतात. त्या हद्दीवरच्या बायकांच्या साहित्यावर मॅडमनी प्रबंध लिहिला होता. छप्पर घातलेल्या बैलगाड्यांतून, म्हणजे वॅगनमधून, महिनोन्महिने केलेला प्रवास, मातीच्या ढेकळांची घरं, हाकेच्या अंतरावर शेजार नाही, एकटेपणानं भ्रमिष्ट झालेल्या बायका. मूळ रहिवाशांनी पळवून नेलेल्या आणि पुढे सोडवून आणलेल्या गोऱ्या बायकांच्या हकीकती हे मॅडमचं खास, तिसरं प्रकरण. विषय चांगलाच आहे. मी प्रबंध वाचला आहे, कारण त्यांनी तो मला वाचायला दिला आणि दर आठवड्याला कुठपर्यंत आलीस म्हणून विचारलं. सांगायला वाईट वाटतं, पण तो चांगला लिहिलेला आहे.

घोटाळा असा की मॅडमना वाटायचं, आपणही त्याच हद्दीवर आलो आहोत. गॅसचं सिलिंडर आणणारा उशिरा आला की फ्रंटिअर. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर संपली की फ्रंटिअर. एसी दुरुस्त करणारा मल्याळी यल्ला यल्ला, म्हणजे आलोच आलोच, म्हणत दोन दिवस आलाच नाही, तेव्हा मॅडम आमच्या हॉलमध्ये झोपल्या आणि सकाळी डायरीत काहीतरी लांबलचक लिहीत बसल्या. मी चहा दिला तर मान वर न करता म्हणाल्या की त्या बायकाही अशाच लिहायच्या. त्या बायकांना चहा कोण द्यायचं हे मी विचारलं नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट होती, खाली केरळी हॉटेल होतं आणि समोर डोसा मिळायचा. मॅडमचा नवरा पुण्यात होता, तोही दोघांच्या सोयीनं. एवढ्या सुखात राहून हालअपेष्टांचा मान घ्यायचा, हे मला शेवटपर्यंत झेपलं नाही.

कॉलेजातल्या मुली त्यांना 'दक्तूरा' म्हणायच्या. काळ्या अबायातल्या त्या मुली गावागावांतून बसनं यायच्या, त्यांच्या आज्या खजुराच्या झावळ्यांच्या घरात आणि काही तर तंबूत वाढलेल्या. त्यांना मॅडम वाळवंटातला एकटेपणा समजावून सांगायच्या. एकदा मी वर्गाच्या दाराशी किल्ल्यांसाठी थांबले होते तेव्हा राया नावाच्या मुलीनं हात वर केला. त्या दिवशी पळवून नेलेल्या बाईची हकीकत चालू होती. राया म्हणाली, "दक्तूरा, ती इतकी वर्षं त्या लोकांत राहिली, मग त्यांची भाषा का नाही शिकली?" मॅडम म्हणाल्या की सुसंस्कृत मन परक्या वातावरणात मिटून जातं. राया 'ओके' म्हणाली आणि खाली बसली. मॅडमना तोपर्यंत ओमानात तीन वर्षं झाली होती आणि त्यांना अरबीतला एकच शब्द येत होता, शुक्रन, म्हणजे आभार.

मग त्यांना गोधडी सुचली. त्या हद्दीवरच्या बायका म्हणे मैत्रीण दूर जाऊ लागली की प्रत्येकीनं एकेक तुकडा देऊन तिच्यासाठी गोधडी शिवायच्या. निझव्यातल्या मराठी बायकांनीही तशी एक करावी, प्रत्येकीनं आपल्या सर्वांत लाडक्या साडीचा तुकडा द्यावा, असा हुकूम निघाला. आम्ही मोजून दहा-बारा घरं. आता गोधडी काय असते हे आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. ती जुनेराची असते, अंगावर झिजून मऊ झालेल्या लुगड्यांची. चांगली साडी कापून गोधडी करायची हे कुठल्याही मराठी बाईच्या स्वप्नातही येणार नाही. पण मॅडम डॉक्टर, त्यात वयानं मोठ्या. बायकांनी मुकाट्यानं पदरामागचे, निऱ्यांतले तुकडे कापून दिले. एकीनं तर लग्नातल्या शालूचा दिला आणि घरी जाऊन रडली. मॅडमनी स्वतःचा दिला तो एका ओढणीचा होता आणि ती ओढणी कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेली होती.

तुकडे जमले, पण शिवणार कोण? मॅडमना सुईत दोरा ओवता येत नव्हता. बाजारातल्या पाकिस्तानी शिंप्यांनी ते गाठोडं बघून हात जोडले. शेवटी वाण्यानं सांगितलं की फलजच्या पलीकडे, खजुराच्या बागांत एका ओमानी घरी इंडियन बाई आहे, ती शिवते. फलज म्हणजे डोंगरातून बागांना पाणी आणणारा पाट. वॅगन निघाला.

दार उघडलं ते ओमानी कपड्यांतल्या बाईनं. रंगीत झगा, खाली घोट्याशी जरीचं काम केलेली सिरवाल म्हणजे तिथली सलवार, डोक्याला गुंडाळलेली ओढणी. आम्ही हिंदीत सुरुवात केली. तिनं गाठोडं सोडलं, तो शालूचा तुकडा उजेडात धरला आणि स्वतःशीच म्हणाली, "ह्या कोणी कापला गो? हात झडले काय तिचे?"

वेंगुर्ल्याकडची होती ती. नाव प्रमिला. ओमानी जिभेवर प चढत नाही म्हणून घरात सगळे बमीला म्हणत. ज्या म्हातारीचं ती करत होती तिला ती हबूबा, म्हणजे आजी, म्हणायची. म्हातारीचा मुलगा सालेम हा तिचा अर्बाब, म्हणजे मालक, त्याच्या नावावर तिचा व्हिसा. चौदा-पंधरा वर्षं ती तिथं होती. हबूबाला माशाच्या कालवणात कोकम लागायचं, नाही घातलं तर ताट सरकवायची. टीव्हीवर तुर्की मालिका लागली की दोघी नायिकेच्या बाजूनं आणि विरुद्ध कडाकडा भांडायच्या. प्रमिला काही गोड बाई नव्हती. तोंडानं फटकळ, शेजारणींच्या चहाड्या करणारी, शिवायला बसली की पुढ्यात कात्री असूनही दोरा दातानंच तोडणारी. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

मॅडम मात्र तिच्याकडे बघून थरारल्या. परतताना गाडीत त्यांचा आवाज खाली आला होता. त्या म्हणाल्या की त्यांच्या तिसऱ्या प्रकरणातली बाई आज त्यांना जिवंत भेटली. कपडे त्या लोकांचे, नाव त्या लोकांनी दिलेलं, आणि तू गळा पाहिलास का तिचा? मंगळसूत्रसुद्धा काढून घेतलंय.

मी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं की मॅडम, ती विधवा आहे, आत्ताच मला मालवणीत सांगितलं तिनं. नवरा तारवावर होता, वादळात गेला. मंगळसूत्र तिच्या गावातल्याच बायकांनी काढलं, बाराव्याच्या आत. मॅडम ऐकत नव्हत्या, खिडकीतून डोंगर बघत होत्या. वाचून ठेवलेलं समोर आलं की त्यांना तेवढंच दिसायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी प्रमिलाला मुद्दाम बोलावलं. मी नको म्हटलं होतं. आली बिचारी, हबूबानं दिलेलं खजुराचं खोकं घेऊन. पंधरा-सोळा बायका होत्या, मस्कतहूनही चौघी आल्या होत्या. मॅडमनी उभं राहून छोटंसं भाषण केलं, आपली एक हरवलेली बहीण घरी येते आहे वगैरे, आणि सगळ्यांच्या देखत तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. ती विधवा आहे हे बायकांना कळून चुकलं होतं. त्यांतल्या निम्म्या अशा की विधवेला हळदीकुंकवाला बोलावलंच नसतं, आणि उरलेल्या अशा की बोलावलं असतं, पण तिला आधी विचारलं असतं. प्रमिलानं ओढणीचं टोक घेऊन कपाळ पुसलं आणि ती चपला शोधायला गेली.

रात्री मी वर जाऊन मॅडमना पुन्हा नीट सांगितलं. या वेळी त्यांनी ऐकलं. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "मग तर मी एक रूढी मोडली, पद्मजा." दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये आपण विधवेला कुंकू लावायचं धाडस कसं केलं हे त्या सांगू लागल्या. दोन दिवसांत त्यांना ते स्वतःलाही खरं वाटायला लागलं. या बाईचा मला तिटकारा का होता असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

गोधडीच्या निमित्तानं मी प्रमिलाकडे जात राहिले. तिची खोली अंगणाच्या कडेला, बाहेर बकऱ्या बांधलेल्या, आत एक खाट, शिलाई मशीन आणि हबूबानं दिलेला लाकडी पेटारा. एकदा मी सहज विचारलं की गावाला जावंसं नाही वाटत का. तिनं दाराकडे बोट केलं. "हय माझ्या खोलीक भितरसून कडी आसा," ती म्हणाली. "थय नाय."

मग तिनं थोडक्यात सांगितलं. नवरा गेल्यावर ती दिराच्या घरी पडवीत निजायची. पडवीला दार नाही. दीर दारू पिऊन यायचा. जाऊ सगळं बघायची आणि सकाळी हिच्याशीच बोलणं बंद करायची. आखातात कामाला बायका पाठवणाऱ्या एका एजंटाचा पत्ता मिळाला त्या दिवशी ती निघाली. इथं आली तेव्हा तिला अरबी येत नव्हती, दिवसभर रडायची. हबूबानं तिला पहिल्या रात्री या खोलीत आणलं, कडी लावून दाखवली, काढून दाखवली आणि निघून गेली. पुन्हा त्या घरात जायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात हवी होती. माझ्याकडून तिनं काही मागितलं नाही, फक्त विचारलं की ती टोपीवाली बाई माझे फोटो कशाला काढते.

मी घरी आले ती तशीच वर गेले आणि मॅडमना शब्दन् शब्द सांगितला. कडीसुद्धा सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं सांगणार नाही. मेलेल्या बायकांच्या डायऱ्या वाचतानाही त्यांना असंच पाणी यायचं, मी पाहिलं आहे. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "हे तिचं बोलणं नाही, माय डिअर. कैदेची सवय झाली की माणूस असंच बोलतं. माझ्या तिसऱ्या प्रकरणात आहे."

तिसऱ्या प्रकरणात आहेच. पण त्यात पुढे असंही आहे की सोडवून आणलेल्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरात रमल्या नाहीत. परत पळून जाऊ नयेत म्हणून नातेवाईक त्यांना खोलीत घालून बाहेरून कडी लावत. मॅडमनीच लिहिलं आहे, चांगली दोन पानं, तळटीपांसकट. मी ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्या म्हणाल्या की संदर्भ वेगळा आहे.

महिन्याभरात पुण्याच्या एका वर्तमानपत्रात त्यांचा लेख आला. ओमानच्या वाळवंटात अडकलेली मराठी लेक, असं काहीसं मथळ्यात होतं. प्रमिलाचा फोटो, गावाचं नाव, सालेमचं नाव, सगळं. वाळवंट म्हणजे निझव्याच्या खजुराच्या बागा. लेख गावी पोचला, गावातून कुणा पुढाऱ्याकडे, पुढाऱ्याकडून मस्कतला, आणि एक दिवस सालेमला कुठल्याशा कचेरीतून बोलावणं आलं. तो सरळमार्गी, भिडस्त माणूस. बाईला डांबून ठेवलंस का, असं चार लोकांसमोर विचारल्यावर तो घरी येऊन आईच्या समोरही बसेना. मी त्याला भेटायला गेले. तो माझ्याशी अदबीनं बोलला, कहवा दिला, खजूर पुढे केले. पण नाव खराब झालं होतं. खलास, तो म्हणाला, व्हिसा रद्द करतो, तिनं आपल्या घरी जावं. तेव्हाच्या नियमानं तिला दोन वर्षं ओमानात परत येता येणार नव्हतं. हबूबा आतल्या खोलीतून मोठ्यानं रडत होती आणि कोणाला तरी शिव्या देत होती. बहुधा मला, मीच ती टोपी घरी आणली होती.

विमान मस्कतहून होतं. मॅडमच्या मनात त्याआधी मस्कतमधल्या दार्सैतच्या कृष्णमंदिरात जायचं होतं. सुटलेली बाई देवाच्या दारात, असा एक फोटो त्यांना हवा होता. सालेमनं बॅग माझ्या गाडीत ठेवली, प्रमिलाच्या हातात एक बांगडीची डबी दिली आणि मान वळवून उभा राहिला. मॅडम पुढे बसल्या, प्रमिला मागे. तिनं आता साडी नेसली होती, मॅडमनी दिलेली. एवढ्या वर्षांनी नेसल्यामुळे निऱ्या सारख्या सुटत होत्या.

दार्सैतला गर्दी होती. शेजारच्या रुवीकडून चालत आलेली माणसं, टॅक्सीतून उतरणारी कुटुंबं, चपलांचे ढीग. फोटो झाले. प्रसाद खाताना प्रमिला प्रथमच मॅडमशी सरळ बोलली.

"तुमी येतल्यात काय माझ्यावांगडा थय?"

मॅडमना मालवणी कळेना, मी सांगितलं. ती विचारते, तुम्ही येणार का माझ्याबरोबर तिथं? मॅडम हसल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की त्या कशा येतील, सेमिस्टरची परीक्षा आहे. पण मनानं त्या बरोबरच आहेत. प्रमिलानं हातातला उरलेला प्रसाद कागदात बांधला. विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडली नाही की रडली नाही. रांगेत उभी राहिली तेव्हा तिचा एक हात पूर्ण वेळ निऱ्यांवर होता.

नंतर कधीमधी मी फोन करायचे. फोन दिराचा, त्यामुळे बोलणं दिरासमोर. मी बरी आसय, एवढं म्हणायची आणि मग विचारायची की हबूबा मासे खाते का. मी बघून येते म्हणायचे आणि खरंच बघून यायचे. हबूबा मासे खात नव्हती. सालेमच्या बायकोनं कोकम घालून पाहिलं होतं, पण म्हातारीनं ताट सरकवलं होतं. पुढे फोन लागेनासा झाला. हबूबालाही तिची मुलगी झुवैना इब्रीला घेऊन गेली आणि त्या घराकडे माझं जाणं थांबलं.

मॅडमनी मात्र त्या वर्षी मस्कतच्या एका हॉटेलात परिषदेत निबंध वाचला. मला न्यावंच लागलं, वॅगन माझा होता. टेबलावर गोधडी पसरली होती, प्रमिलानं शिवलेली, बारीक धावदोऱ्याची. पडद्यावर दार्सैतचा फोटो. मॅडम उत्तम बोलल्या. आवाज योग्य जागी दाटून आला, योग्य जागी मोकळा झाला. शेवटी एका तरुण प्राध्यापिकेनं विचारलं की त्या बाईचं स्वतःचं म्हणणं काय होतं. मॅडम म्हणाल्या, "तिचं मौन हेच तिचं म्हणणं." टाळ्या पडल्या. ज्या बाईनं पहिल्याच भेटीत हात झडले काय विचारलं होतं तिच्या मौनाला पडलेल्या त्या टाळ्या. मी बाहेर जाऊन पार्किंगमध्ये बसले आणि परतीच्या रस्त्यावर एक शब्द बोलले नाही. मॅडमना वाटलं, मी भारावले आहे.

त्यांच्याबरोबरचा माझा शेवटचा प्रवास इब्रीचा, प्रमिला गेल्याला दोन वर्षं उलटून गेल्यावरचा. त्या वर्षाअखेर त्या पुण्याला परत जाणार होत्या. प्रबंधाचं पुस्तक येणार होतं, त्यात निझव्याचं एक नवं प्रकरण होतं आणि मुखपृष्ठासाठी त्यांना वाळवंटातली बाई हवी होती. कॉलेजची सहल इब्रीला निघाली तशा त्या टोपी आणि कॅमेरा घेऊन बसमध्ये चढल्या. मुलींबरोबर बाई म्हणून मीही होते.

इब्रीच्या बाजारात एका बाजूला बेदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या, बायका माल मांडून बसतात. उंटाचे विणलेले पट्टे, सुरमा, सिरवालीच्या खालच्या कडेला लावायच्या जरीच्या पट्ट्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या चेहऱ्यावर तिकडचा बुरखा असतो, कापडाचा कडक मुखवटा, नाकावरून सरळ खाली येणारा, डोळे तेवढे उघडे. मॅडम हरखून गेल्या. रांगेत फिरून त्यांनी शेवटच्या बाईची निवड केली. ती खाली मान घालून पट्टीला टाके घालत होती. मॅडमनी रायाला पुढे केलं, आता शेवटच्या वर्षात होती ती, आणि म्हणाल्या की हिला विचार, या वाळवंटापलीकडे जावंसं तिला कधी वाटलं का.

रायानं काय विचारलं कोण जाणे. बाईनं वर न बघता अरबीत काहीतरी सुनावलं आणि आजूबाजूच्या चौघीजणी खदखदून हसल्या.

"काय म्हणाली?" मॅडमनी विचारलं.

राया ओठ दाबून म्हणाली, "दक्तूरा, ती म्हणते फोटो नको. आणि उजेड अडवू नका म्हणते."

मॅडम दोन पावलं बाजूला झाल्या आणि तिथून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला की पाहत राहावं. म्हणाल्या, किती एकाकी आहे नाही ती, किती अबोल, हिला कोणी भाषाच दिलेली नाही. मग टोपीची फीत घट्ट केली आणि किल्ल्याच्या दिशेनं निघाल्या. राया मागोमाग गेली.

मी निघणार, तेवढ्यात त्या बाईनं टाका संपवला. पुढ्यात कात्री होती. तिनं मुखवट्याची खालची कड उचलली आणि दोरा दातानं तोडला.

मी तिथंच तिच्या चटईवर बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण एक थर्मास माझ्याकडे सरकवला. नंतर कळलं ते असं की बंदीची दोन वर्षं संपल्याबरोबर झुवैनानं तिचा व्हिसा काढला होता. हबूबा तिच्याच खोलीशेजारी होती, पुन्हा मासे खात होती. हे सगळं नंतर. तेव्हा ती फक्त हळूच म्हणाली, "गेली काय गो ती?"

"गेली," मी म्हणाले.

तिनं मुखवटा वर सरकवला आणि घाम पुसला. ती थोडी वाळली होती, पुढचा एक दात नव्हता. मी मुखवट्याकडे बघत होते, तिच्या ते लक्षात आलं. "ह्या घातला काय कोण सोडवूक येना नाय," ती म्हणाली आणि सुईत नवा दोरा ओवायला लागली.

बाजाराच्या टोकाला गवती टोपी उन्हात उभी होती. मॅडम वळून मला शोधत होत्या, हात हलवत होत्या, पद्मजा, माय डिअर, चल म्हणून. किल्ल्यापाशी माझ्याकडून त्यांना स्वतःचाही एक फोटो काढून घ्यायचा असणार. मी न पाहिल्यासारखं केलं आणि थर्मासमधून चहा ओतून घेतला.